घर भाड्याने घेण्याआधी आरोग्याच्या दृष्टीने तपासून घेतलं – माणसं हुशार, मार्कपद्धत भंगार

आधी निकाल सांगते, मग पाल्हाळ लावते, कारण अर्धे लोक खालपर्यंत येतच नाहीत. घर घ्यायच्या आधी येऊन ओल, ड्रेनेज, हवा, पाणी, गॅस, वायरिंग सगळं तपासून रिपोर्ट देणारी जी सेवा असते ना, ती आम्ही घेतली. जे दोघं आले त्यांच्या कामाला पाचपैकी साडेचार. त्यांच्या रिपोर्टमधल्या मार्कांना पाचपैकी एक, तोही पीडीएफ वेळेवर आली म्हणून. कंपनीचं नाव मुद्दाम टाकत नाहीये, उगाच भांडण नको, आणि माझी तक्रार माणसांवर नाहीच, रिपोर्टच्या साच्यावर आहे.

एवढा खटाटोप का, तर मुलीला दमा आहे. एजंट लोकं घर दाखवतात तेव्हा लाइट लावून, खिडक्या उघडून, ताजा रंग मारून दाखवतात आणि मला ताजा रंग दिसला की आधी संशयच येतो, की बाबा याच्याखाली काय झाकलंय. नवरा म्हणाला कशाला पैसे घालवायचे, आपल्याला डोळे आहेत की. डोळे आहेत, पण डोळ्यांना टाइल्स दिसतात, पाइपातली हवा कुठून कुठे जातेय ते नाही दिसत.

तर बाथरूमपासून सुरू करते कारण तिथेच या लोकांनी मला जिंकलं. मला वाटलेलं नळ उघडतील, फ्लश दाबतील, पुढे जातील. त्यांच्यातले जे मोठे होते (बरोबरचा मुलगा त्यांना काका म्हणत होता, मीपण काकाच म्हणते) ते थेट उकिडवे बसले, नाहणी ट्रॅपची (फरशीतून पाणी जातं तिथे जाळीखाली थोडं पाणी धरून ठेवणारा वळलेला भाग) जाळी उचलली आणि आत टॉर्च मारला. आत कोरडं ठणठणीत. घर बंद होतं तेवढ्या काळात ट्रॅपमधलं पाणी उडून गेलेलं. आता तुम्ही म्हणाल मग काय झालं, एक तांब्याभर पाणी ओता, संपलं. हो, उपाय तेवढाच आहे, पण त्या ट्रॅपमध्ये साधारण ५० मिमी पाणी उभं असतं ना, तेवढाच काय तो पडदा आहे तुमच्या बाथरूममध्ये आणि अख्ख्या बिल्डिंगच्या मैलापाण्याच्या पाइपमध्ये. पाणी उडालं की वरच्या-खालच्या सगळ्यांची पाइपातली हवा तुमच्याकडे यायला मोकळी.

आणि हे नुसतं वासाचं प्रकरण नाहीये बरं का. २००३ साली सार्स या श्वसनरोगाच्या साथीत हाँगकाँगच्या आमॉय गार्डन्स नावाच्या वसाहतीत तीनशेहून जास्त रहिवाशांना लागण झाली, त्यात सगळ्यात जास्त एकाच ब्लॉकमधले. चौकशीत जे पुढे आलं त्यात मोठा भाग याच गोष्टीचा होता, की बाथरूमच्या फरशीतले ट्रॅप कोरडे पडलेले आणि एक्झॉस्ट फॅन लावला की तो ड्रेनच्या पाइपातली दूषित हवा, बारीक थेंब, सगळं आत खेचत होता. म्हणजे फॅन लोकांनी लावलेला हवा स्वच्छ व्हावी म्हणून, आणि तोच ओढत होता नको ते. मला हे आधी वाचून माहीत होतं पण समोर बघितल्यावर कळलं की किती साधं आहे ते. काकांनी दार लावून घेतलं, फॅन चालू केला आणि टिश्यूची एक पातळ पट्टी त्या जाळीवर धरली. पट्टी वर उडाली. मग ट्रॅपमध्ये पाणी ओतलं, परत धरली, पट्टी गप्प. मग त्यांनी बाथरूमच्या दाराखाली हात घातला, फट जवळजवळ नाहीच. म्हणाले, "ताई, फॅन हवा बाहेर फेकतो म्हणजे तेवढी हवा कुठून तरी आत यायला पाहिजे ना, दाराखालून वाट नसेल तर तो जिथून मिळेल तिथून ओढणार." दाराला खाली जाळी बसवा किंवा दार थोडं तासून घ्या असं सांगितलं. इतकी कामाची गोष्ट मला आजवर कुठल्या प्लंबरने सांगितली नव्हती.

सिंकखालचा ट्रॅपपण बघितला, तिथे कोणीतरी नुसता नळीचा सरळ पाइप भिंतीत घुसवून ठेवलेला, ट्रॅप असा नाहीच, वर पाइपाच्या भोवती भिंतीत चांगली फट. काकांबरोबरच्या मुलाने खिशातली पेन्सिल त्या फटीत घातली, आरामात गेली. पेन्सिल जाते तिथून लहान उंदीर जातो म्हणे, सहा-सात मिमीची फट त्यांना पुरते. झुरळांचं तर बोलायलाच नको.

आता रिपोर्टमध्ये याला किती मार्क असतील? ड्रेनेज, १० पैकी ९. का, तर पाणी पटकन वाहून जातं, तुंबत नाही, जाळ्या स्टीलच्या आहेत. कोरडा ट्रॅप, दाराची फट, सिंकखालचा प्रकार सगळं खाली 'शेरा' म्हणून बारीक अक्षरात. याच्यावर मी पुढे येतेच आहे.

ओल. इथे पण काम चांगलं केलं, आणि जरा प्रामाणिकपणे केलं असं म्हणेन, कारण यांच्याकडे थर्मल कॅमेरा होता आणि तो कॅमेरा म्हणजे गिऱ्हाइकाला गार करायचं यंत्रच असतं, स्क्रीनवर निळे-जांभळे डाग दिसले की आपण घाबरलोच. पण काकांनी स्वतःहून सांगितलं की यात पाणी दिसत नाही, फक्त तापमान दिसतं, ओल असेल तिथून पाणी उडत असतं म्हणून ती जागा गार दिसते, पण मागून वारा लागत असेल किंवा आत बीम असेल तरी गार दिसू शकते, म्हणून डाग दिसला की ओलीचा मीटर लावायचा. मग मीटर लावला. मीटरचंपण तेच, तो मुळात लाकडासाठी बनवलेला, गिलाव्यावर जो आकडा येतो तो खरा टक्का धरायचा नाही, कोरड्या भिंतीचा आकडा घ्यायचा आणि त्याच्याशी ताडून बघायचं. भिंतीत क्षार साठलेले असतील तर भिंत कोरडी असूनही मीटर ओरडतो. हे सगळं ज्याला माहितीये तोच माणूस मीटर वापरायला लायक, बाकीचे नुसते पीं-पीं वाजवून घाबरवतात.

बेडरूमच्या बाहेरच्या भिंतीला, कपाटामागे, ओल सापडलीच. ताजा रंग का होता ते कळलं! पण त्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे ती कुठल्या प्रकारची ओल आहे हे शोधायला त्यांनी वेळ दिला. जमिनीतून वर चढणारी ओल असेल तर ती साधारण खालच्या मीटर-सव्वामीटरपर्यंत, खाली जास्त वर कमी, आणि अशी ओल तळमजल्यालाच येणार. बाहेरून झिरपणारी असेल तर पावसाबरोबर वाढते, खिडकीच्या कोपऱ्याशी नाहीतर भेगेपाशी डाग. पाइप गळत असेल तर ऋतूशी काही देणंघेणं नाही. आणि चौथी, घरातल्याच वाफेची, आंघोळ, स्वयंपाक, आत वाळत घातलेले कपडे, ती वाफ गार भिंतीला लागून पाणी होते, आणि ती नेमकी कपाटामागे, कोपऱ्यात, जिथे हवा फिरत नाही तिथे. इथे ती चौथी होती अधिक खिडकीच्या वरच्या भेगेतून थोडी बाहेरची. दोन्हीचे उपाय वेगळे. नुसती भेग बुजवली, हवा खेळती केली नाही, तर बुरशी परत येणार, आणि नुसता बुरशीरोधक रंग मारला तर रंगाचे पैसे गेले.

यात एक गोष्ट मला खटकली. बुकिंग घेणारी मुलगी फोनवर मागेच लागलेली की 'हवेतली बुरशी चाचणी' पण घ्या, जास्तीची फी, लॅबमधून बुरशीच्या कणांचा आकडा येईल. मी नाही घेतली आणि तुम्हीपण घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली ओल आणि बुरशीवर मार्गदर्शक तत्त्वं काढली त्यात स्पष्ट आहे की बुरशीचा इतका आकडा सुरक्षित आणि त्यावर धोकादायक अशी रेघ ओढता येत नाही, ओल आणि बुरशी होऊ न देणं आणि झाली तर काढणं हाच मार्ग. मग तो आकडा आणून काय भिंतीवर लावायचाय? ओल डोळ्याला दिसतेय, नाकाला कळतेय, मीटर सांगतोय, पैसे त्या भेगेवर घाला. काकांना विचारलं तर हसले नुसते, म्हणाले ते ऑफिसचं आहे. कळलं मला.

ज्यांना अजून वाटतं की ओल म्हणजे जरा दिसायला घाण, बाकी काय, त्यांच्यासाठी सांगते. इंग्लंडमध्ये रॉचडेलला २०२० साली एक दोन वर्षांचा मुलगा गेला, आणि २०२२ मध्ये कॉरोनरने (मृत्यूच्या कारणाची चौकशी करणारा अधिकारी) निष्कर्ष दिला की घरातल्या बुरशीच्या सततच्या संपर्कामुळे झालेल्या श्वसनविकाराने तो गेला. आईवडील तक्रारी करत होते. त्यानंतर तिथे आधी सामाजिक गृहनिर्माणातल्या (नगरपालिका-संस्थांच्या भाड्याच्या घरांच्या) मालकांनी ठरावीक मुदतीत ओल-बुरशीवर काम केलंच पाहिजे असा कायदा करावा लागला. दमेकरी मूल घरात असताना मी हे 'कॉस्मेटिक' म्हणून सोडून देऊ?

आता मुख्य भांडण. त्या बाथरूममध्ये गॅस गीझर होता, भिंतीवर, आतच, धूर बाहेर न्यायला पाइप वगैरे काही नाही. आणि वर तोच एक्झॉस्ट फॅन, आणि तेच बिनफटीचं दार. काकांनी बघितलं आणि पहिल्यांदा आवाज चढवला, "हे इथे चालणार नाही, हे काढायला लावा नाहीतर घर घेऊ नका." गॅस जळायला ऑक्सिजन लागतो, बंद खोलीत तो कमी पडला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला रंग नाही, वास नाही, रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त चिकटतो. डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, माणसाला वाटतं आंघोळीच्या वाफेनेच झालं असेल, आणि दाराची कडी काढायच्या आत तो खाली. धूर बाहेर न्यायचा पाइप असलेल्या साध्या गीझरलासुद्धा एक्झॉस्ट फॅन शत्रू ठरू शकतो, कारण फॅनने खोलीतला दाब कमी केला की बाहेर जाणारा धूर उलटा आत खेचला जातो. म्हणजे पुन्हा तोच फॅन, तीच हवा, तीच नसलेली वाट. एकच गोष्ट समजली की अर्धं बाथरूम समजतं.

तर रिपोर्ट आला. दहा गट, प्रत्येकी १० मार्क. गॅस उपकरणांना ४. ओलीला ७. ड्रेनेज ९ सांगितलंच. 'फिनिशिंग' नावाचा एक गट, त्याला १० पैकी १०, कारण टाइल्स नवीन, ओटा झक्कास, रंग ताजा (तोच रंग, ज्याच्याखाली बुरशी!). सगळी बेरीज ८४, आणि वर हिरव्या पट्टीत ठळक अक्षरात 'घर चांगल्या स्थितीत'. अहो ज्या घरात आंघोळीला गेलेला माणूस परत येईल का याची खात्री नाही ते चांगल्या स्थितीत? गाडीला ब्रेक नाहीत पण सीट कव्हर मस्त आहेत म्हणून ८४ टक्के गाडी चालवण्याजोगी म्हणतं का कोणी?

आणि याचा परिणाम काय झाला बघा. घरमालकांना मी पीडीएफ पाठवली, त्यांनी पहिलं पान उघडलं, ८४ बघितलं आणि फोन केला, "अहो मॅडम, डिस्टिंक्शन आहे, अजून काय पाहिजे!" पुढची पानं उघडलीच नाहीत. उघडली असती तर चौथ्या पानावर गीझरचा फोटो होता लाल गोल करून. म्हणजे मी फी भरून घरमालकाच्याच हातात प्रमाणपत्र दिलं. मग मी फक्त ते चौथं पान आणि ओलीचं पान वेगळं काढून पाठवलं, वर काहीच न लिहिता, मग जरा चर्चा सुरू झाली.

राहण्याजोग्या घराच्या किमान अटी असतात ना, त्यांची सरासरी काढायचीच नसते. चांगल्या खिडकीने गीझरची भरपाई होत नाही. हे काही मी शोधलेलं नाहीये. इंग्लंड आणि वेल्समध्ये २००४ च्या हाउसिंग ॲक्टनंतर घरं तपासायची जी पद्धत आणली तिच्या मूळ यादीत २९ धोके आहेत, ओल-बुरशी, थंडी, कार्बन मोनॉक्साइड, शिसं, रेडॉन (जमिनीतून येणारा किरणोत्सारी वायू), गर्दी, मैलापाणी, पडणं, भाजणं असे, आणि प्रत्येक धोका वेगळा तोलायचा, कितपत शक्यता आणि झालं तर किती वाईट. त्यातला एक जरी सगळ्यात गंभीर वर्गात गेला की तिथल्या नगरपालिकेला कारवाई करावीच लागते, बाकी घर संगमरवरी का असेना. यांच्या रिपोर्टमध्ये पहिल्या पानावर नुसतं एवढं पाहिजे होतं, की या-या गोष्टी दुरुस्त केल्याशिवाय राहायला जाऊ नका. बेरीज नकोच. पण बेरीज केली की हिरवी पट्टी छापता येते आणि एजंट लोकपण खूश राहतात, मग पुढची गिऱ्हाइकं तेच पाठवतात. असं मी म्हणत नाही की यांचं तसंच आहे, पण ज्याने साचा बनवला त्याने भाडेकरूचा विचार करून तो बनवलेला नाही हे नक्की.

खिडक्या. हे पटकन सांगते. त्यांनी प्रत्येक खोलीचं क्षेत्रफळ आणि खिडकीचं मोजलं, आवडलं मला. अमेरिकेत बऱ्याच ठिकाणी जो मॉडेल कोड (बांधकामाच्या नियमांचा नमुना) वापरतात त्यात राहायच्या खोलीच्या फरशीच्या निदान ८ टक्के काच पाहिजे आणि त्यातली जवळजवळ निम्मी उघडता आली पाहिजे असं आहे, बाकी देशांत आकडे वेगळे, दहावा हिस्सा, आठवा हिस्सा वगैरे. आमच्या छोट्या खोलीची खिडकी मापात बसत होती पण उघडत होती डक्टमध्ये, जिथे सगळ्या बाथरूमचे एक्झॉस्ट सोडलेले. मापाला १० पैकी ९! न्यूयॉर्कमध्ये १८७९ च्या कायद्यात खोलीला खिडकी पाहिजे म्हटल्यावर बिल्डरांनी मधोमध अरुंद बोळासारखे हवेचे शाफ्ट ठेवले आणि खिडक्या तिकडे उघडल्या, आणि मग लोकांनी त्यातच कचरा टाकायला सुरुवात केली, वास, अंधार, आग लागली तर तो शाफ्ट म्हणजे धुराडंच. शेवटी १९०१ चा कायदा आणून असे शाफ्ट बंद करावे लागले, मोठी मोकळी अंगणं आणि प्रत्येक घराला स्वतःचं संडास सक्तीचं झालं. त्याआधीच्या १८६७ च्या कायद्यात वीस माणसांमागे एक संडास म्हणजे पुरेसं धरलेलं, विचार करा. तर काय, खिडकी कुठे उघडते हा प्रश्न शंभर वर्षांपेक्षा जुना आहे आणि साच्यात अजून त्याला रकाना नाही.

पाण्याचं मात्र यांनी निराश केलं. त्या मुलाने टीडीएस मीटर ग्लासात बुडवला, आकडा दाखवला, पाणी चांगलं म्हणाला, झालं. टीडीएस मीटर पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून क्षारांचा अंदाज देतो, बस. जंतू आहेत का, शिसं आहे का, त्याला घंटा कळत नाही. मैलापाणी मिसळलेल्या पाण्याचा टीडीएस अगदी छान येऊ शकतो. पिण्याच्या पाण्याची खरी अट १०० मिलीलिटरमध्ये ई. कोलाय (मैल्यात असणारा जंतू) एकही सापडता कामा नये ही आहे, आणि ती चाचणी लॅबमध्येच होते, बाटली निर्जंतुक लागते, नळ आधी पुसून-तापवून घेतात. ती यांनी ठेवायला पाहिजे जास्तीच्या फीमध्ये, बुरशीच्या आकड्याऐवजी. निदान जागेवर क्लोरीन तपासायची साधी किट असते, नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलीग्रॅम उरलेला पाहिजे, तीपण नव्हती यांच्याकडे.

टाकी बघायला मी सांगितलं म्हणून गेले. झाकण होतं पण नीट बसत नव्हतं, ओव्हरफ्लोच्या पाइपला जाळी नाही. डासाला तेवढंच पाहिजे, डेंगी पसरवणारा एडिस डास बहुतेक अशा साठलेल्या स्वच्छ पाण्याशीच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत अंड्याचा डास होतो. आणि भरणीचा पाइप थेट पाण्यात बुडलेला. तो पाण्याच्या वर पाहिजे, पाइपाच्या व्यासाच्या दुप्पट तरी मोकळी जागा सोडून, नाहीतर मेन लाइनचा दाब पडला की टाकीतलं पाणी उलटं लाइनमध्ये ओढलं जातं. बादलीत बुडलेल्या हॅंडशॉवरचंपण तेच. हे मी सांगितल्यावर काकांनी मान डोलवली आणि शेऱ्यात टाकलं, म्हणजे माहीत होतं, यादीत नव्हतं. गरम पाण्याबद्दल मात्र बरोबर बोलले, की नवीन इलेक्ट्रिक साठवणीचा गीझर लावलात तर वीज वाचवायला कोमट ठेवू नका, २० ते ४५ अंशांच्या मध्ये लिजनेला नावाचे जंतू वाढतात, टाकीत ६० ठेवा, पण ६० चं पाणी काही सेकंदांत भाजतं, म्हणून नळाला येताना मिसळून येईल असा व्हॉल्व्ह लावा, विशेषतः घरात लहान मूल आहे म्हणून.

आणि एक प्रश्न ज्याने मला थक्क केलं, म्हणजे न विचारल्यामुळे. घरात किती माणसं राहणार हे कोणीच विचारलं नाही! ना बुकिंगला, ना फॉर्ममध्ये. अहो तेच घर दोन माणसांना ठीक आणि आठ माणसांना आजारपण. गर्दी झाली की क्षयासारखे श्वासातून पसरणारे आजार वाढतात, वाफ वाढते म्हणून ओल वाढते, संडासाची रांग लागते. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या घर आणि आरोग्याच्या मार्गदर्शक तत्त्वांत गर्दी हा पहिल्या काही विषयांतलाच एक आहे, आणि संयुक्त राष्ट्रांची यूएन हॅबिटॅट ही वसाहतींसाठीची संस्था एका खोलीत तीनपेक्षा जास्त माणसं झाली की जागा अपुरी धरते. फुकटात विचारता येण्याजोगा प्रश्न, मीटर लागत नाही, कॅमेरा लागत नाही. कदाचित म्हणूनच विसरत असतील.

जुन्या रंगातलं शिसंपण नाही बघितलं. दारंखिडक्या जुन्या होत्या, थरावर थर, घासली जातात त्या कडांना पोपडे. तिथलीच धूळ मुलांच्या हातातोंडात जाते. नव्या रंगासाठी जगभर ९० पीपीएम (दहा लाखात ९० भाग) ही मर्यादा सुचवलेली आहे, जुन्या थरांत त्याच्या कितीतरी पट असू शकतं, आणि मुलांच्या बाबतीत शिशाची सुरक्षित पातळी अशी काही ठरलेलीच नाही. मालक म्हणत होते दारं घासून नवा रंग देतो, मीच म्हटलं कोरडं घासू नका, ओलं करून करा आणि आम्ही यायच्या आधी करा.

वायरिंग व्यवस्थित तपासलं, प्रत्येक सॉकेटचं अर्थिंग, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) बटण दाबून ट्रिप करून दाखवला. बाल्कनीच्या रेलिंगच्या गजांमधलं अंतरपण मोजलं, १० सेंटीमीटरपेक्षा कमी पाहिजे म्हणजे मुलाचं डोकं जात नाही. ठीक होतं.

वागणुकीबद्दल तक्रार नाही. वेळेवर आले, चपला काढल्या, उचललेली प्रत्येक जाळी परत बसवली, जाताना सांडलेलं पाणी पुसलं. एजंट मध्ये-मध्ये "अहो एवढं कोण बघतं" करत होता तर काकांनी त्याला शांतपणे खिडकी धरायला लावली, त्याचं तोंड बंद. घाई अजिबात नाही. रिपोर्टमधले फोटोपण चांगले, प्रत्येक फोटोखाली जागा लिहिलेली.

शेवटी घर घेतलं. गीझर मालकांनी काढला, इलेक्ट्रिक लावून दिला, व्हॉल्व्हसकट. खिडकीवरची भेग भरली, सिंकखाली बाटली ट्रॅप बसवला, फट बुजवली, बाथरूमच्या दाराला खाली जाळी. डक्टकडची खोली आम्ही झोपायला वापरत नाही, सामान ठेवतो. कपाट भिंतीपासून हातभर पुढे. घरातली आर्द्रता तीस-चाळीस टक्के ठेवायच्या गप्पा आमच्या हवेत चालायच्या नाहीत, पण ती साठच्या खाली राहील असं बघतो, छोटा मीटर घेतलाय त्याला. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही लावलाय, कारण स्वयंपाकाचा गॅस आहेच.

कोणी घ्यावी ही सेवा? जुनं घर, बंद असलेलं घर, तळमजला, घरात दमेकरी, लहान मूल किंवा म्हातारं माणूस, गॅसवर चालणारं काहीही बाथरूममध्ये – जरूर घ्या. नवीन बांधलेलं, दोघंच राहणार, तर टॉर्च, टिश्यू आणि पेन्सिल घेऊन स्वतःच एक चक्कर मारा, निम्मं कळेल. बुक करताना तीन गोष्टी सांगा: बुरशीचा आकडा नको, पाण्याची लॅब चाचणी करणार असाल तर करा, आणि रिपोर्टवर बेरीज छापू नका. मी तिसरी गोष्ट त्यांना लेखी कळवली, उत्तर आलं की 'सूचना संबंधित विभागाकडे पाठवली आहे'. मालकांना रिपोर्ट पाठवायचा असेल तर पहिलं पान काढूनच पाठवा.